कागदावर सहा, वॉर्डात तीन

दिनांक : २३ जानेवारी, मंगळवार. पाळी : सकाळची.
ठिकाण : दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयाचा पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड.
हजर : मी, वंदना साळवे, वॉर्डची इन-चार्ज सिस्टर. ब्लेसी, स्टाफ नर्स. कविता, स्टाफ नर्स. एकूण तीन.
कागदावर हजर : वरच्या तिघी आणि आणखी तिघी. त्यांतली एक दोन वर्षांपासून ऑफिसात टायपिंगला, एक नोंदणीच्या खिडकीवर, एक बड्या साहेबलोकांसाठी राखलेल्या खास खोल्यांकडे. एकूण सहा.
खाटा छत्तीस. पेशंट एक्केचाळीस.

यादी आधी दिली, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मिरजेला नर्सिंग शिकले, लग्न होऊन इकडे आले. आमचं घर फरीदाबादला. माझे यजमान सुधाकर केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, मुलगी रिया बारावीत. चोवीस वर्षं नोकरी झाली आणि चोवीस वर्षं मी याद्या करत आले. घरातली वाण्याची यादी, नाताळच्या करंज्यांची यादी, वॉर्डातल्या चादरींची यादी. यादी पूर्ण असली की मला झोप लागते. निदान लागायची.

हे लिहिते आहे ते त्या सिस्टरांसाठी, ज्या ड्यूटीवरून घरी येतात आणि चपला न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहतात. मी तशी तीन महिने बसत होते. त्याला आजार म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बारा वाजायच्या आधी

वॉर्डात प्रत्येक पेशंटचा एक तक्ता असतो. सकाळी आठला, दुपारी बाराला, मग चारला, असं ताप, नाडी, ब्लडप्रेशर मोजायचं आणि लिहायचं. बाराला मात्र सगळं एकदम येतं. जेवणाची गाडी, डॉक्टरांचा राउंड, नवे पेशंट, नातेवाईक. एक्केचाळीस माणसांना तीन बायका. म्हणून अशा वॉर्डांत एक वाईट सवय पडते : साडेदहाला गोळ्या देतानाच पेशंटकडे नजर टाकायची आणि बाराचा रकाना भरून टाकायचा.

डिसेंबरात ब्लेसीला मी यावरूनच सगळ्यांसमोर झाडलं होतं. ब्लेसी केरळची, सव्वीस वर्षांची. "जो टाइम अभी आया नहीं, उसकी नाडी कैसे गिन ली तुमने?" असं मी तिला म्हणाले होते. ती रडली होती.

त्या मंगळवारी मी स्वतः तेच केलं. किती खाटांचं केलं ते आठवत नाही. अकरा नंबरचा पेशंट, पलवलकडचा म्हातारा शेतकरी, त्याला पावणेअकराला सोनोग्राफीसाठी खाली पाठवलं. सव्वाअकराला त्याची बायको जिने चढून धापा टाकत वर आली.

"सिस्टर जी, वो काँप रहे हैं."

मी वर न बघता म्हणाले, "जनवरी है माताजी. दिल्ली में सब काँप रहे हैं."

ती पुन्हा जिना उतरून गेली.

अकरा चाळीसला डॉक्टर लवकर राउंडला आले. त्यांनी अकरा नंबरचा तक्ता उचलला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग रिकाम्या खाटेकडे. "सिस्टर, इसमें बारह बजे का लिखा है."

बारा वाजायला वीस मिनिटं होती. अक्षर माझं होतं, ठसठशीत, सरळ ओळीतलं. नाडी अठ्ठ्याहत्तर, ताप नाही. आणि खाली कॉरिडॉरमध्ये तो माणूस स्ट्रेचरवर तापाने फणफणत होता आणि बायकोने त्याच्यावर स्वतःची शाल टाकली होती.

तो वाचला, हे लगेच सांगते. कविताने धावत जाऊन त्याला वर आणलं, औषध सुरू झालं, संध्याकाळी त्याने चहा मागितला. पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. डॉक्टर बोलत होते तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. लाज नाही, राग नाही. मी "सॉरी सर" म्हणाले आणि चादरी मोजायला गेले.

काका राहिले

मागे वळून बघते तर खुणा आधीच दिसत होत्या. संक्रांतीच्या सुमाराला आमच्या मराठी मंडळाची बस दरवर्षी पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. माणसं मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे. या वर्षी परत निघताना ड्रायव्हरने विचारलं, "सब आ गए?" मी यादीवर आधीच सगळीकडे खुणा करून ठेवल्या होत्या. "आ गए," म्हणाले.

समालख्याला पोचल्यावर कुलकर्णीकाकू अंताक्षरी थांबवून म्हणाल्या, "अहो, आमचे हे कुठायत?"

काका स्मारकाशीच राहिले होते, पाटीवरचा मजकूर वहीत उतरवून घेत. बस परत नेली. काका बसमध्ये चढले आणि मोठ्याने म्हणाले, "सिस्टर, पानिपतावर आणखी एक मराठा गमावणार होतात की!" अख्खी बस हसली. मीही हसले. पण मनात विचार काय आला, तर : राहिले असते तर एक माणूस कमी झालं असतं सांभाळायला. त्या विचाराची मला शिसारी आली, आणि तो मी कुणाला सांगितला नाही.

घरीही तेच. रियाला मी सकाळी "उठा, चादर बदलायचीय" म्हणून उठवायची. एकदा ती पांघरुणातूनच म्हणाली, "आई, मला पण बेड नंबर दिलायस का?" सुधाकर हसले. मी पोळ्यांची कणीक मोजून घेत राहिले. रविवारच्या उपासनेला जाणं नोव्हेंबरपासून बंद होतं, कारण तिथे लोक "कशा आहात" विचारतात आणि उत्तर द्यावं लागतं.

त्याचं नाव काय?

मॅट्रन मॅडमनी मला स्टाफच्या दवाखान्यात पाठवलं, तिथून मानसोपचाराच्या डॉक्टरकडे. मी कारणांची यादी करून गेले होते. झोप येत नाही, पाठ दुखते, हिमोग्लोबिन कमी असेल, पाळी जाण्याचं वय आहे. एकूण सात मुद्दे. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "जिस पेशंट के साथ यह हुआ, उनका नाम क्या है?"

"ग्यारह नंबर."

"नाम?"

मला येत नव्हतं. आठ दिवस त्याला मी सकाळी गोळ्या दिल्या होत्या.

"आज वार्ड में किसी एक का नाम बताइए."

एक्केचाळीस माणसांतलं एकही नाव मला आठवेना. मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले आणि मग रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. चांगला अर्धा तास. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

त्या म्हणाल्या, याला बर्नआउट म्हणतात. आत दुसऱ्यासाठी काही उरतच नाही, म्हणून माणूस बधिर होतो. मग त्यांनी वॉर्डाबद्दल विचारलं. कोण किती, कोण कुठे, सुट्टी कधी मिळाली. औषधांखेरीज मी दिवसभर काय करते, तेही विचारलं. मी सांगत गेले : फिनेल संपलं तर मागणीचा कागद, पंखा बंद तर इलेक्ट्रिकलला फोन, स्ट्रेचर ढकलायला माणूस नसेल तर आपणच, हरवलेल्या चादरींचा जाब, लिफ्ट बंद असली की नातेवाइकांच्या शिव्या. एकदा एकाने हात उगारला होता. त्यानंतर मी चहा प्यायले आणि पुढची सलाइन लावली. सांगता सांगता मलाच ते नवीन वाटायला लागलं.

त्यांनी सहा आठवड्यांची रजा लिहून दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : कामाच्या ताणातून आलेली अवस्था.

तयार उत्तर

मेमो आला. खुलासा द्या. त्याच्यासोबत मॅट्रन मॅडमनी एक तयार, टाइप केलेलं उत्तरही दिलं. अर्थ असा : घरगुती अडचणींमुळे माझं लक्ष विचलित झालं, चूक झाली, पुन्हा होणार नाही.

"साइन कर दीजिए. फाइल यहीं बंद," त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनीही पंधरा वर्षं वॉर्डात काढली होती.

मी कागद घरी आणला. सुधाकरांनी चष्मा लावून वाचला. "ठीक आहे ना. एक सही. संपलं."

"घरगुती अडचण कुठली?"

"अगं, असं लिहायची पद्धत असते. काही तरी लिहावं लागतं."

"तुम्ही अडचण आहात की रिया?"

"वंदना, रियाची बोर्डं तोंडावर आली आहेत. आत्ता इन्क्वायरी नको यार. बदली झाली, वेतनवाढ थांबली, म्हणजे काय होतं मला माहितीय. रोज फायली बघतो मी."

रिया जेवणाच्या टेबलावर फिजिक्स करत होती. तिने मान वर केली. "म्हणजे आईची चूक आपल्यामुळे झाली असं लिहायचं? वाह."

"तू अभ्यास कर."

त्यावरून चार दिवस घरात बोलणं बंद होतं. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. पाचव्या दिवशी मी रियाजवळ बसले आणि काला अंबच्या बसमधला तो विचार तिला सांगितला. म्हटलं, माझीच मला शिसारी आली.

"शिसारी म्हणजे?"

दिल्लीतल्या पोरांना हे शब्द येत नाहीत. मी सांगितलं, घाण वाटते ना एखाद्या गोष्टीची, तशी.

तिने पुस्तक मिटलं. मग विचारलं, "माझी आली होती का कधी?"

मी खरं सांगितलं. "तुझी नाही. पण तू बोलत असायचीस आणि मला ऐकूच यायचं नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "मी टेस्ट करायला एकदा सांगितलं की मी प्रेग्नंट आहे. तू म्हणालीस, डबा घेतलास का."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सुधाकर आतून बघायला आले. काय झालं ते आम्ही त्यांना सांगितलं नाही, आणि हे वाचेपर्यंत त्यांना कळणारही नाही.

सहा आठवडे

बरं होणं कंटाळवाणं असतं, तयारी ठेवा. पहिले दहा दिवस मी नुसती झोपले. मग सकाळी सोसायटीच्या पार्कात चार फेऱ्या. एक गोळी. आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, यादी न करता एकदा बाजारात जा, स्वतःसाठी काहीतरी आणा. मी मेट्रोने करोल बागेला गेले, दोन तास फिरले, साड्या बघितल्या, चपला बघितल्या, आणि काय आणलं? कागद लावायची निळी फाइल, जाड पुठ्ठ्याची. डॉक्टरीणबाईंना दाखवली तर त्या हसायला लागल्या. "चलो, कुछ तो पसंद आया."

रजेच्या पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाने नर्सेससाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं. ब्लेसीने फोन करून सांगितलं. ड्यूटी संपल्यावर दोन तास थांबायचं, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं, हजेरी सक्तीची. "मॅडम, मैं आँख बंद करते ही सो गई," ती म्हणाली, "तो उन्होंने मेरा नाम लिख लिया." मी तिची डिसेंबरातल्या त्या झाडण्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "छोड़ो मॅडम, आप जल्दी आओ. फिनेल का इंडेंट मेरे से नहीं होता."

अकरा नंबरच्या पेशंटचं नाव रामफल. त्याला घरी सोडायचं होतं त्या दिवशी मी साध्या साडीत वॉर्डात गेले, बघायला येणाऱ्यांच्या वेळात, बाकीच्यांसारखी रांगेत उभी राहून. त्याच्या बायकोसमोर उभी राहिले आणि म्हणाले, त्या दिवशी तुम्ही सांगायला आलात, मी ऐकलं नाही, चूक माझी होती.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खाटेखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "माफी का के करूँ बेटी, तू पहले बैठ जा. जिस दिन तै आए सां, तन्नै बैठी कोनी देखी."

आल्या दिवसापासून तिने मला बसलेली पाहिलीच नव्हती. चोवीस वर्षांत पेशंटच्या घरच्यांनी मला बसायला दिलेलं ते पहिलं स्टूल. मी बसले. रामफलने मला एक संत्रं सोलून दिलं. स्टूलवर बसून मी वॉर्डाकडे पाहिलं. ब्लेसी एकटी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत होती. समोरच्या भिंतीवर त्या आठवड्याचं रोस्टर लावलं होतं : सहा नावं. कोण कधी ड्यूटीवर याचा तो तक्ता. ते रोस्टर करायची पद्धत माझीच. एक ओळ रिकामी राहिली तर क्लार्क कागद परत पाठवायचा, म्हणून मी वर्षानुवर्षं त्या तिघींची नावं सुंदर अक्षरात लिहून यादी पूर्ण करत होते. वर बसलेल्यांना वॉर्ड भरलेला दिसत होता, कारण मी तो भरलेला दाखवत होते. बाराच्या आधी बाराचं लिहिणं मी तक्त्यावर एकदा केलं. रोस्टरवर दर आठवड्याला.

त्या स्टूलवर ठरलं. सही करायची नाही.

निळी फाइल

माझ्या एप्रनच्या खिशात एक छोटी डायरी असते. रोज सकाळी आले की मी तिच्यात खरोखर कोण आलंय ते लिहिते, कारण खाटा वाटून द्यायच्या असतात. कागदावरच्या बायकांना खाटा वाटता येत नाहीत. गेल्या चौदा महिन्यांच्या चार डायऱ्या घरात होत्या. मी त्या काढल्या. प्रत्येक तारखेसमोर खरी नावं, आणि शेजारी माझ्याच सहीच्या रोस्टरची प्रत.

उत्तर मी स्वतः लिहिलं, दीड पान. चूक माझी आहे. तक्ता मी खोटा भरला. रोस्टरही मी खोटं भरत आले, त्याचीही चूक माझी. घरात कुठलीही अडचण नाही. अडचण वॉर्डात आहे, सोबत पानं जोडली आहेत.

सुधाकरांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू स्वतःच्या हातानं स्वतःवर दुसरा चार्ज लावून घेते आहेस, कळतंय का?"

"हो."

"मला बिल्कुल पटलेलं नाही."

"बरं."

ते उठले. मला वाटलं झोपायला गेले. ते पेन्सिल आणि पंच घेऊन आले. "पान नंबर नाहीत. विषय लिहिलेला नाही. मेमोचा संदर्भ नाही. अशी फाइल माझ्या घरातून जाणार नाही." आणि त्या माणसाने एकेका झेरॉक्सच्या कोपऱ्यात आकडे घालायला सुरुवात केली. रियाने पंच मारले. मी डायरीतून तारखा वाचत होते. जेवायला उशीर झाला. चार महिन्यांनी आम्ही तिघं एका टेबलावर एक काम करत होतो.

मॅट्रन मॅडमनी फाइल हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "सिस्टर, आप अपना ही नुकसान कर रही हैं."

"वो तो मैं कर चुकी, मॅडम. पावती दीजिए."

त्यांनी पोच दिली. द्यायच्या आधी थोडा वेळ फाइलची पानं उलटत राहिल्या. एका पानाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मेरे टाइम में भी चार ही थीं. लिखते थे सात."

परत

चौकशी सुरू आहे. निकाल आला नाही. बदली होऊ शकते, वेतनवाढ थांबू शकते. मला ते माहीत आहे आणि मी व्यवस्थित झोपते. रियाची बोर्डं पार पडली.

ज्या सिस्टर आज पलंगाच्या कडेवर बसल्या आहेत, त्यांना दोनच गोष्टी सांगते. एक : तुमच्या वॉर्डातल्या पाच पेशंटांची नावं आठवून बघा. आली नाहीत तर डॉक्टरकडे जा, उद्याच. दोन : तुम्हाला कुणी म्हणेल की तुम्ही मनाने कमकुवत आहात, श्वासाकडे लक्ष द्या. श्वास घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी वॉर्डातली माणसं मोजा.

मी कामावर आले त्या दिवशी सकाळच्या पाळीत तिघी होतो. पेशंट अडतीस. पहिल्या फेरीत मी नावं विचारत गेले, सगळी लक्षात राहिली नाहीत, बावीस राहिली. बाराचा रकाना बारानंतर भरला. चार जणांचा राहिला, तो रिकामा ठेवला आणि बाजूला लिहिलं : मोजता आलं नाही, वेळ मिळाला नाही. ब्लेसीने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ऐसा लिख सकते हैं?"

"अभी लिखा ना."

पुढच्या आठवड्याचं रोस्टर मी सोमवारी पाठवलं. ओळ एक : वंदना साळवे. दोन : ब्लेसी. तीन : कविता. क्लार्कने ते परत पाठवलं, वर लाल पेनाने "अधूरा". मंगळवारी मी तेच पुन्हा पाठवलं. परत आलं. आज बुधवार, तिसऱ्यांदा पाठवलेलंही परत आलं आहे. माझ्या टेबलावर पडलं आहे, चार, पाच आणि सहा या ओळी कोऱ्या. पेन शेजारीच आहे. माणसं पाठवलीत की नावं मी लिहिते. तोवर तेवढं काम बाकी.